बयचा जेजू

मराठी लेखनात आजी आली, की तिच्या मागोमाग तुळशीवृंदावन येते, सहाणेवरचे चंदन येते, पोथी येते, फुलवाती येतात आणि बहुधा एक मांजरही येते. गेली वीसएक वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. अशा आज्या मी वर्गात पुष्कळ शिकवल्या. त्या मला आवडतात. पण धडा संपवून खडू खाली ठेवताना दरवेळी मनात येते, की या घोळक्यात माझ्या आजीला बसायला कोणी पाट मांडील का? तिच्या अंगणात वृंदावनाच्या जागी चुन्याने रंगवलेला क्रूस होता. पोथीच्या जागी जपमाळ होती. बाकी लाल लुगड्याचा कासोटा, विहिरीवरचा रहाट, सुनांवरचा धाक आणि नातवंडांसाठी कनवटीला लावलेला पैसा, हे सारे इतर आज्यांसारखेच होते. मांजर मात्र काळे होते.

आम्ही घरातले सारे तिला बय म्हणत असू. वसई तालुक्यात, नालासोपारा स्टेशन सोडून समुद्राच्या दिशेने चालू लागले की वाड्या सुरू होतात, तिकडचे आम्ही. पोर्तुगीज वसईत १५३४ साली आले आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी त्यांना घालवले. त्या दोनशे वर्षांत आमच्या पूर्वजांनी देव बदलला. बोली बदलली नाही, वाडी बदलली नाही, लुगडे बदलले नाही. राज्यकर्ते गेले, आणि आम्ही आपले नव्या देवाला जुन्या बोलीत हाका मारीत तिथेच राहिलो. बयची बोली सामवेदी. ती मी इथे साध्या मराठीत उतरवते आहे, कारण तिचे हेल कागदावर उमटत नाहीत.

बयचा जन्म १९२१ सालचा. तिला स्वतःला साल ठाऊक नव्हते. देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीत ते होते. (आमच्याकडची जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात.) सोळाव्या वर्षी लग्न झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, विजेची गाडी विरारपर्यंत आली होती. या दोन गोष्टी बय एकाच दमात सांगे, आणि तिच्या आयुष्यात त्या जोडीनेच चालल्या. १९५६ साली आजोबा तापाने गेले. मागे पाच मुले, त्यांतले धाकटे दहा महिन्यांचे; दीड एकराची वाडी आणि दोन बैल. भावकीतल्यांनी वाडी विकून माहेरी जाण्याचा सल्ला दिला. बयने तो ऐकून घेतला, त्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन रेल्वेचा महिन्याचा पास काढला.

पुढची पंचवीस वर्षे ती दादरला फुले आणि भाजी घेऊन गेली. पहाटे तीनला उठे. कंदिलाच्या उजेडात कळ्या खुडी, केळीच्या पानांत बांधी, चुंबळीवर पाटी ठेवी आणि स्टेशनची वाट धरी. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात सोनचाफा, दसऱ्याला झेंडू. कुठल्या देवाच्या गळ्यात आपला हार पडतो, याची चौकशी तिने कधी केली नाही. गणपतीचे दिवस मात्र ती बोटांवर मोजीत असे. "यंदा गणपतीला भाव येऊ दे," असे ती मोतमाउलीला साकडे घाली. एका देवाच्या सणासाठी दुसऱ्या देवाच्या आईकडे रदबदली करण्यात काही विसंगत आहे, असे तिला वाटले नाही. आमच्या वडिलांच्या शाळेची फी बऱ्याच अंशी गणपतीने भरलेली आहे, हे मी अनेकदा ऐकले आहे, आणि तेही मोतमाउलीच्या तसबिरीखाली बसून.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते. हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी चाले; उभी रेघ म्हणजे रुपया, आडवी म्हणजे चार आणे. १९५७ साली नवे पैसे आले, त्यांना तिने आपल्या भिंतीवर जागा दिली नाही. घराला रंग काढायचा झाला म्हणजे ती भिंत सोडून काढावा लागे. रेघा पुसल्या गेल्या तर दादरचा कोण गजरेवाला किती देणे लागतो ते कसे कळणार? त्यांतले निम्मे गजरेवाले तोवर देवाघरी गेले होते, पण बयच्या मते देणे हे देणे.

रात्री जेवणाआधी सगळ्यांनी क्रुसापुढे गुडघे टेकायचे, हा घरचा नियम. जपमाळ झाली की संतांची नावमालिका सुरू होई. ती लॅटिनमध्ये. एकेका संताचे नाव बय घेई आणि आम्ही पोरांनी मागून 'ओरा प्रो नोबीस' म्हणायचे. आमच्या घरातला तिचा उच्चार 'वरापरनोबी' असा काहीसा होता, आणि भूक लागलेली असली म्हणजे तो आणखी आखूड होई. 'आमच्यासाठी विनंती कर' हा त्याचा अर्थ मला कॉलेजात कळला. बयला तो कधीच कुणी सांगितला नव्हता. तिची समजूत अशी, की हे संतांच्या घराचे दार वाजवणे आहे. दार वाजवण्याला अर्थ कशाला हवा?

संतांमध्ये तिचा खरा लळा गोन्सालो गार्सियावर. हा वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. व्यापाराच्या निमित्ताने जपानला गेला, तिथली भाषा शिकला, फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवला गेला. १८६२ साली रोमने त्याला संत म्हटले. बयच्या तोंडी ही कथा निराळी होई. जपान तिला ठाऊक नव्हते. विरारच्या पुढे कुठेतरी ते होते. पण ती सांगे, "पोरगा परमुलखात गेला, त्यांची भाषा बोलला, आणि त्यांनीच त्याला मारला. त्याच्या आईला इथं कोणी सांगितलं असेल? किती वर्षांनी?" संतचरित्रात आईचा हा प्रश्न मी कुठे वाचलेला नाही. बय मात्र कथा नेहमी तिथेच थांबवी आणि माळेचा पुढचा मणी ओढी.

आता जेजूविषयी. येशूला आमची जुनी माणसे जेजू म्हणत. तो पोर्तुगीजांकडून आला आणि आमच्या जिभेवर बसला. विळा हातातून निसटला तर जेजू, लेकराला ठसका लागला तर जेजू, गाडी चुकली तरी जेजू. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी धर्मपरिषद भरली आणि उपासना ज्या त्या लोकांच्या भाषेत करायला मोकळीक मिळाली. त्याप्रमाणे आमच्याही देवळात लॅटिन जाऊन मराठी मिस्सा सुरू झाला. वडील त्या वेळी कॉलेजात जाणारे. त्यांच्याकडून मी हा प्रसंग ऐकला. पहिला मराठी मिस्सा संपून माणसे बाहेर आली. कोणी खूश, कोणी नाखूश. लॅटिन गेले, आता देवळाचा रुबाब गेला, असे म्हणणारेही होते. बय पायरीवर बसून राहिली. वडिलांनी विचारले, "काय झालं?" तर म्हणाली, "चाळीस वर्षं इथं येते. देवाला आपलं बोलणं समजतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

एवढ्यावर ती थांबली असती तर गोष्ट गोड झाली असती. पण पुढच्याच रविवारी तिची कुरकुर सुरू झाली. देवाला मराठी येत होते ते ठीक, पण त्याचे नाव बदलले होते. नव्या पुस्तकात सगळीकडे येशू. येशू छापील मराठीत आधीपासूनच रुळलेला होता. धर्मगुरूंनी तो घेतला यात त्यांचे काही चुकले नाही. बयला तो परका वाटला. "हा येशू कोण?" ती फादरांना सरळ विचारी. फादर समजावीत, की बाई, तोच तो. मग तिनेच तोड काढली. पोरांना शाळेत रजिस्टरातले नाव असते आणि घरी हाक मारायचे निराळे. तसे देवळात येशू आणि घरी जेजू. तिने आयुष्याची पुढची पन्नास वर्षे हा भेद काटेकोर पाळला. देवळाच्या उंबऱ्यावर चप्पल काढताना जणू ती एक नावही काढून ठेवी, आणि परत निघताना पायांत सरकवी.

मी लहान असताना वसईला पाण्याची दशा आली. रहाटांची जागा पंपांनी घेतली होतीच. त्यात शहरे वाढली आणि वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. गोड्या पाण्याचा उपसा वाढला तशी समुद्राची खार आत शिरली. शेतात पावसाचे पाणी धरून ठेवणारी बावखले बुजवून त्यांवर इमारती उठू लागल्या. आमच्याकडेही टँकरवाला आला. ओट्यावर बसून त्याने एका टँकरचा भाव सांगितला आणि महिन्याचा हिशेब करून दाखवला. माझे काका ऐकताना पुढे सरकले होते, हे मला आठवते. रक्कम खरोखरच मोठी होती. फुलांतून तेवढे सुटत नसे. बय म्हणाली, "पाणी माझं असतं तर दिलं असतं." टँकरवाल्याने विचारले, "मग कुणाचं आहे?" बयने शेजारच्या तीन वाड्यांची नावे घेतली. "खाली एकच झरा आहे. मी उपसलं तर त्यांचं खारं होईल." काका चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. शेजारच्या तीनपैकी एकाने पुढे पाणी विकलेच, हेही सांगायला हवे. आमच्या विहिरीला खारट चव आली तेव्हा बयने ओंजळभर पाणी तोंडात धरले, थुंकले आणि कुणाचेही नाव घेतले नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस उभी राहिली, तेव्हा मोर्चाला सत्तरीकडे झुकलेली बय छत्री घेऊन गेली. परत आली ती पाय सुजवून, आणि मोर्चात ज्या बाईच्या शेजारून चालली तिच्याकडून अळूचे कांदे घेऊन.

एम.ए. झाल्यावर मी एका महाविद्यालयात मुलाखतीला गेले. समितीतले एक गृहस्थ माझा अर्ज हातात धरून माझ्या नावाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही ख्रिश्चन, आणि विषय मराठी? घरी कुठली भाषा बोलता?" त्यांच्या स्वरात कडवटपणा नव्हता, शंभरातली नव्वद माणसे हेच विचारतात. मी उत्तर दिले, ते त्यांना पटल्यासारखे दिसले, नेमणूक दुसऱ्या कुणाची झाली. खरे म्हणजे त्या गृहस्थांच्या घरीही सकाळी पाव येत असणार, बादलीत पाणी पडत असणार, साबण, चावी, इस्त्री आणि महिन्याचा पगार असणार. हे शब्दही आमच्या जेजूसारखे पोर्तुगीजांच्याच गलबतातून उतरलेले. पण असली उत्तरे मुलाखतीच्या खोलीत सुचत नाहीत, ती परतीच्या गाडीत सुचतात.

घरी येऊन मी बयला सांगितले. ती चाफ्याच्या कळ्या निवडीत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "तुझे आजोबा गेले तेव्हा मी कुठल्या भाषेत रडले, ते त्यांना विचारायचं होतंस."

पुढे दुसरीकडे नोकरी लागली आणि दुसऱ्याच वर्षी वर्गात फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण' शिकवायला आले. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. ते १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. तयारी करताना त्याची देवनागरी प्रत मी घरी आणली होती. बय तेव्हा चौऱ्यांशी वर्षांची. दुपारी ओट्यावर बाज टाकून पडलेली असे. मी मोठ्याने ओव्या वाचू लागले. ती डोळे मिटून ऐकत होती. झोपली असे वाटून मी थांबणार, तोच ओवीत जेजू आला. बयने डोळे उघडले.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचले.

"हे छापलेलं आहे?"

"छापलेलं आहे. चारशे वर्षांपूर्वी."

"कोणी लिहिलं?"

"एका इंग्रज पाद्रीनं."

ती बराच वेळ आढ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्याला जेजू म्हणायला कोणी शिकवलं? कुठल्यातरी बाईनंच शिकवलं असणार."

पोर्तुगीजांचा शब्द पाद्र्याला बाईने कशाला शिकवावा, असे व्याकरणाच्या अंगाने म्हणता येईल. मी काही म्हटले नाही. बाकीच्या अकरा हजार ओव्यांतली मराठी त्याला कुणा ना कुणाच्या तोंडूनच ऐकावी लागली होती, आणि त्यांत बायका नसतीलच असे कोण म्हणेल? त्या उन्हाळ्यात मी तिला रोज दुपारी थोडे थोडे वाचून दाखवले. जिथे मी कोशात शब्द शोधायला उठे, तिथे पुष्कळदा ती बाजेवरूनच अर्थ सांगे. त्यांतले काही मी पुढे वर्गात सांगितले. विद्यार्थी विचारीत, "मॅडम, हे कुठल्या टीपेत आहे?"

बय गेली २०१७ च्या ऑगस्टात, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, शहाण्णवाव्या वर्षी. शेवटचे चार दिवस बोलणे बंद होते. ओठ हलत, शब्द ऐकू येत नसे. संध्याकाळी मातीला सारे गाव आले. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला मला जाग आली तर वाडीत बॅटऱ्या फिरत होत्या. काका, वडील आणि चुलतभाऊ कळ्या खुडीत होते. कळी कुणासाठी थांबत नाही, आणि दादरला भाव चढला होता.

महिन्याभराने कबरीच्या दगडाचा प्रश्न निघाला. आमच्या गावच्या मातीत कबर कायमची मिळत नाही; जागा थोडी, माणसे फार. काही वर्षांनी अस्थी काढून तीच जागा दुसऱ्याला देतात. तरी तेवढ्या वर्षांसाठी दगड हवा. परदेशी असलेल्या नातवंडांनी फोनवरून इंग्रजी मजकूर सुचवला, कारण त्यांच्या मुलांना तोच वाचता येणार. काका म्हणाले, मराठीच, पण देवळातल्या पुस्तकात आहे तशी नीट मराठी. आत्या घरात लहानपणापासून सर्वांत कमी बोलणारी. ती म्हणाली, "जेजू लिहा. नाहीतर दगड नको." काकांना ते पटेना. फादर पाहतील, गाव पाहील, अडाण्यासारखे दिसेल. मजकूर लिहून देण्याचे काम मराठीची प्राध्यापिका म्हणून माझ्याकडे आले. मी तिचे नाव, दोन साले आणि खाली 'जेजूच्या कुशीत' एवढेच लिहिले. काकांनी कागद वाचला, घडी घातला आणि काही न बोलता खिशात ठेवला.

दगड तयार होऊन आला तर त्यावर 'येशूच्या कुशीत' कोरलेले. काकांचा त्यात हात नव्हता, हे त्यांनी दिलेला कागद पाहून कळले. कोरणाऱ्याने अक्षर चुकले आहे असे समजून चांगुलपणाने दुरुस्त करून दिले होते, आणि त्याचे वेगळे पैसेही मागितले नव्हते. आता दोन अक्षरांसाठी नवा दगड कशाला, असे सगळ्यांनाच वाटले. आत्याने तो दगड टेम्पोत घातला आणि परत नेला. सोबत काका गेले.

कोरणाऱ्याने 'येशू'ची दोन्ही अक्षरे छिलून काढली आणि त्या जागी नवी कोरली. त्यामुळे तेवढीच जागा दगडात बोटभर खोल गेली आहे. पावसात तिथे पाणी धरते आणि श्रावण उलटेपर्यंत शेवाळ चढते. आत्या दर रविवारी मिस्सा झाल्यावर मातीत जाते आणि काथ्याने ते घासून काढते.